स्मारक, मौन आणि निवाडा : जेफ पेज यांची कविता व काव्यपरीक्षण

१

ऑस्ट्रेलियन कवितेचा आपल्याकडील परिचय बहुधा ज्यूडिथ राइट, ए. डी. होप, लेस मरी अशा मोजक्या नावांपाशी थांबतो. या नावांच्या पलीकडे, पाच दशकांहून अधिक काळ सातत्याने कविता लिहिणारा आणि तितक्याच सातत्याने इतरांच्या कवितेची परीक्षणे करणारा कवी म्हणून जेफ पेज यांचे नाव घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात पेज यांच्या प्रकाशित लेखनाचे स्थूल स्वरूप मांडून त्यातील एका मध्यवर्ती प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. काय स्मरणात ठेवावे आणि ते कोणी ठरवावे, हा तो प्रश्न होय. कवी म्हणून पेज आपल्या समाजाच्या स्मृतीची तपासणी करतात. परीक्षक व संपादक म्हणून ते काव्याच्या स्मृतीत काय उरावे याचा निवाडा देतात. ही दोन कार्ये वरकरणी वेगळी दिसली, तरी त्यांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्याचबरोबर या वृत्तीच्या मर्यादा कोठे जाणवतात, तेही पाहावयाचे आहे.

मराठी विभागाच्या नियतकालिकात हा विषय घेण्यामागे एक कारण आहे. कवी-समीक्षक ही जोडसंज्ञा आपल्याला परिचित आहे. बा. सी. मर्ढेकरांसारख्या कवीने सौंदर्यशास्त्राचा पाया नव्याने तपासला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु सिद्धान्त मांडणारा कवी वेगळा आणि आठवड्यामागून आठवडे नव्या संग्रहांविषयी वृत्तपत्रांतून व नभोवाणीवरून बोलणारा, वाचकाला बरेवाईट सांगणारा कवी वेगळा. या दुसऱ्या प्रकारच्या कामाला आपण 'परीक्षण' म्हणतो आणि समीक्षेच्या इतिहासात त्याला सहसा दुय्यम स्थान देतो. पेज यांच्या उदाहरणावरून या दुय्यमत्वाचा फेरविचार करता येतो.

२

जेफ पेज यांचा जन्म १९४० मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागातील ग्राफ्टन येथे झाला. क्लॅरेन्स नदीच्या खोऱ्यात, गुराढोरांच्या विस्तीर्ण कुरणांवर त्यांचे बालपण गेले. पुढे आर्मिडेल येथे शालेय व विद्यापीठीय शिक्षण घेऊन त्यांनी अध्यापनाचा व्यवसाय स्वीकारला. १९७४ ते २००१ या काळात ते कॅनबेरातील नॅराबुंडा कॉलेजात इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. विद्यापीठातील प्राध्यापक-कवींची संख्या ज्या देशात मोठी आहे, तेथे पेज यांनी आयुष्याचा बहुतांश काळ सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना कविता शिकवली. ज्याला कवितेची सवय नाही, पण कवितेविषयी वैरही नाही, असा वाचक त्यांच्या डोळ्यांसमोर रोज उभा होता. त्यांच्या कवितेतील प्रासादिकता आणि परीक्षणातील सुबोधता या दोहोंचा विचार करताना हा वाचक विसरता येत नाही.

१९७१ मध्ये फिलिप रॉबर्ट्स यांच्यासमवेत 'टू पोएट्स' या संयुक्त पुस्तकाद्वारे त्यांची कविता प्रथम ग्रंथरूपात आली. 'स्मॉलटाउन मेमोरियल्स' (१९७५) या संग्रहाने त्यांची ओळख निश्चित केली. त्यानंतर 'कलेक्टिंग द वेदर' (१९७८), 'कॅसँड्रा पॅडॉक्स' (१९८०), 'क्लेअरव्हॉयंट इन ऑटम' (१९८३), 'फुटवर्क' (१९८८), 'ग्रॅव्हल कॉर्नर्स' (१९९२), 'ह्यूमन इंटरेस्ट' (१९९४), 'डार्कर अँड लायटर' (२००१), 'अॅग्नॉस्टिक स्काइज' (२००६), 'क्लाउडी नाउन्स' (२०१२), 'गॉड्स अँड अंकल्स' (२०१५), 'हार्ड होरायझन्स' (२०१७) असे संग्रह प्रसिद्ध होत गेले. या स्फुट कवितेच्या जोडीला 'द स्कारिंग' (१९९९), 'ड्रमिंग ऑन वॉटर' (२००३), 'फ्रीहोल्ड' (२००५) या पद्यकादंबऱ्या, 'प्लेव्हना' (२०१६) आणि 'एलेजी फॉर एमिली' (२०१९) ही पद्यचरित्रे, तसेच गद्यकादंबरी व जॅझ संगीतकाराचे चरित्र असा विविध लेखनव्याप आहे. २००१ मध्ये त्यांना पॅट्रिक व्हाइट पुरस्कार मिळाला.

३

पेज यांच्या अनुभवविश्वाचे पहिले केंद्र म्हणजे लहान गाव आणि त्या गावातील युद्धस्मारक. ऑस्ट्रेलियात कोणत्याही लहानशा वस्तीत गेल्यास चौकात वा उद्यानात पहिल्या महायुद्धाचे स्मारक दिसते. कोठे दगडी सैनिक, कोठे स्तंभ, कोठे कमान. आणि त्यावर कोरलेली नावे. या स्मारकांचा अर्थ लक्षात घेण्यासाठी एक ऐतिहासिक वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी लागते. पन्नास लाखांहून कमी लोकसंख्येच्या या देशातून पहिल्या महायुद्धात चार लाखांवर माणसे सैन्यात दाखल झाली आणि त्यांतील सुमारे साठ हजार मरण पावली. हे सैन्य स्वयंसेवकांचे होते. सक्तीच्या सैन्यभरतीचा प्रस्ताव २८ ऑक्टोबर १९१६ व २० डिसेंबर १९१७ या दोन्ही दिवशी झालेल्या सार्वमतांत फेटाळला गेला. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील अनेक स्मारकांवर केवळ मृतांचीच नव्हेत, तर युद्धावर जाऊन परत आलेल्यांचीही नावे आढळतात. जे गेले ते आपण होऊन गेले, हे नोंदवण्याची ती रीत होती. पण त्या रीतीचा एक दुसराही परिणाम झाला. ज्याचे नाव दगडावर नाही तो गेला नाही, हेही साऱ्या गावाला कायमचे वाचता येऊ लागले.

'स्मॉलटाउन मेमोरियल्स' या शीर्षककवितेचे बळ पेज यांनी या वस्तूकडे पाहण्यासाठी निवडलेल्या अंतरात आहे. कवितेत वीरश्रीचा गौरव नाही आणि युद्धविरोधी घोषणाही नाही. अल्पाक्षरी ओळींमध्ये कवी स्मारकाचे वर्णन करत जातो आणि पहिल्या महायुद्धाची स्मृती व दुसऱ्या महायुद्धाची स्मृती यांतील भेद वाचकापुढे ठेवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात सभागृहे, पोहण्याचे तलाव, उद्याने अशा उपयोगी वास्तूंना स्मारकाचे रूप देण्यात आले. पहिल्या युद्धानंतर मात्र समाजाला दगडच हवा होता. असे का, याचे उत्तर कविता देत नाही. उत्तर न देण्याची ही शिस्त महत्त्वाची आहे. ज्या शोकाला उपयुक्ततेत विसर्जित होणे मान्य नव्हते, त्याची जाणीव वाचकाला त्या निरुत्तर अवस्थेतूनच होते.

या विषयाचा पेज यांनी पुढे अनेक अंगांनी विस्तार केला. 'शॅडोज फ्रॉम वायर' (१९८३) या त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियनांविषयीच्या कविता व तत्कालीन छायाचित्रे एकत्र आली. 'बेंटन्स कन्व्हिक्शन' (१९८५) ही त्यांची गद्यकादंबरी १९१६ च्या सार्वमताच्या काळात एका लहान गावातील अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या युद्धविरोधाची कथा सांगते. शीर्षकातील इंग्रजी शब्द दुहेरी अर्थाचा आहे. त्यातून मनाची दृढ निष्ठाही सूचित होते आणि न्यायालयाने दोषी ठरवणेही. जी निष्ठा समाजाला गुन्ह्यासारखी वाटते, तिची ही कहाणी आहे. येथे पेज यांच्या लेखनाचे एक सूत्र हाती लागते : समूहाच्या एकमताने जे झाकले जाते, ते त्या समूहाविषयीची आस्था न सोडता उघड करणे. गावाची निर्भर्त्सना करणारा उपहासकार त्यांच्यात नाही. गावावर लुब्ध झालेला भावविवश कवीही नाही.

४

स्मारकाचा विचार करणाऱ्या कवीला त्याच परिसरातील स्मारकहीन मृत्यूंचा विचार टाळता येत नाही. क्लॅरेन्स खोरे आणि त्याच्या पश्चिमेकडील पठारी प्रदेश एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतकारांनी व्यापला, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांच्या कत्तली झाल्या. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील मायल क्रीक येथे १० जून १८३८ रोजी किमान २८ आदिवासी स्त्रीपुरुषांची व मुलांची हत्या झाली. या प्रकरणी सात गोऱ्यांना त्याच वर्षी फाशी देण्यात आली, आणि म्हणूनच ते प्रकरण इतिहासात नोंदले गेले. इतर बहुतेक प्रकरणी ना खटला झाला, ना नोंद राहिली. मायल क्रीक येथेही स्मारक उभे राहावयास २००० साल उजाडावे लागले. मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ च्या बॉयर व्याख्यानांत या सामूहिक विस्मरणाला 'ऑस्ट्रेलियाचे महामौन' अशा आशयाचे नाव दिले. ही केवळ अनवधानाने घडलेली गोष्ट नसून दृष्टीच्या रचनेतूनच एक बाजू वगळली गेली आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

पेज यांच्या 'द ग्रेट फर्गेटिंग' (१९९६) या पुस्तकाचे शीर्षक या विचाराशी सरळ नाते सांगते. बेव्हन हेवर्ड पूआरार या आदिवासी चित्रकाराच्या सहकार्याने हे पुस्तक सिद्ध झाले. पेज यांच्या कविता व पूआरार यांची चित्रे यांत समोरासमोर येतात. या सहकार्याचे मोल केवळ सजावटीचे नाही. गोऱ्या कवीने आदिवासींच्या मृत्यूविषयी बोलावे काय, आणि बोलल्यास कोणाच्या आवाजात, हा प्रश्न त्या दशकात ऑस्ट्रेलियात तीव्रतेने उपस्थित होत होता. ३ जून १९९२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात निर्णय देऊन, वसाहतपूर्व भूमी निर्नायकी होती हा सिद्धान्त नाकारला होता आणि भूमीवरील मूळ रहिवाशांच्या परंपरागत हक्काला मान्यता दिली होती. अशा वेळी दुसऱ्या बाजूच्या कलावंताला पुस्तकाच्या पानावर बरोबरीची जागा देणे हा पेज यांनी शोधलेला मार्ग म्हणता येईल. त्याने प्रश्न सुटत नाही. परंतु प्रश्न लपवला जात नाही.

'फ्रीहोल्ड' या पद्यकादंबरीत हाच विषय जमिनीच्या मालकीच्या संदर्भात येतो. शीर्षकातील कायद्याची संज्ञा आपल्याकडेही परिचित आहे : निर्वेध, पूर्ण मालकी. मात्र ऑस्ट्रेलियात या संज्ञेला एक विशेष भार आहे. १९९६ च्या विक खटल्यात गुरचराईच्या सरकारी भाडेपट्ट्यांसोबत आदिवासींचा परंपरागत हक्क टिकू शकतो, असे न्यायालयाने मानले. १९९८ च्या फेहो खटल्यात मात्र फ्रीहोल्ड मालकी दिल्यावर तो हक्क पूर्णतः संपुष्टात येतो, असे ठरले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ज्या शब्दाने जुना हक्क पुसला जातो, तोच शब्द पेज यांनी आपल्या कथनकाव्याच्या मुखपृष्ठावर ठेवला आहे. मालकी निर्वेध असेल. स्मृती तशी असू शकते काय, असा प्रश्न हे शीर्षक वाचकापुढे उभा करते. आपल्याच खोऱ्याविषयी, आपल्याच समाजाच्या घराण्यांविषयी हा प्रश्न विचारण्यात कवीने पत्करलेली जोखीम आहे.

५

पेज यांच्या पद्यकथनाकडे रूपबंधाच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियन कवितेत पद्यकादंबरीचा लक्षणीय बहर आला. लेस मरी यांची १४० सुनीतांची 'द बॉइज हू स्टोल द फ्युनरल' (१९८०), अॅलन वर्न यांची 'द नाइटमार्केट्स' (१९८६), डोरोथी पोर्टर यांची 'द मंकीज मास्क' (१९९४) ही त्याची ठळक उदाहरणे. स्फुट भावकवितेने सोडून दिलेला कथा ऐकणारा वाचक परत मिळवण्याचा हा प्रयत्न होता. पेज यांनी या प्रकारात केलेल्या लेखनाचे वैशिष्ट्य असे की, ते सामान्य माणसांच्या आयुष्यातील दीर्घकाळ दाबलेल्या गोष्टींवर केंद्रित होते. 'लॉरी अँड शर्ली' मध्ये त्यांनी वार्धक्यातील प्रेमाचा विषय घेऊन, पद्यात लिहिलेला चित्रपट अशी विनोदी अंगाची रचना केली. गंभीर आणि हलकेफुलके या दोन्ही वृत्तींसाठी त्यांनी छंदाचा व यमकाचा मोकळेपणाने वापर केला. सुरुवातीच्या संग्रहांतील तोटक मुक्तरचनेपासून उत्तरकाळातील नियमित लयीपर्यंतचा हा प्रवास काळाच्या प्रवाहाशी काहीसा उलटा होता.

'१९५३' (२०१३) ही या दृष्टीने त्यांची विशेष उल्लेखनीय कृती होय. न्यू साउथ वेल्समधील एका काल्पनिक गावातील निरनिराळ्या व्यक्ती १७ फेब्रुवारी १९५३ रोजी दुपारी अडीच वाजता काय करीत आहेत, काय विचार करीत आहेत, याचे चित्रण या पुस्तकात आहे. घटना जवळजवळ नाही. घड्याळाचा काटा एकाच जागी आहे. एका क्षणाचा असा आडवा छेद घेतल्यामुळे गावातील माणसे एकमेकांविषयी काय जाणतात आणि काय जाणूनही बोलत नाहीत, हे वाचकालाच कळत जाते. गावातील कोणालाही संपूर्ण गाव दिसत नाही. हे वर्षही अर्थपूर्ण आहे. मेंझीज पंतप्रधान असण्याचा, गौरवर्णीयांपुरत्या स्थलांतराच्या धोरणाचा तो काळ. देशाच्या लोकसंख्येत आदिवासींची गणना न करण्याचे कलम तेव्हा राज्यघटनेत होते. ते १९६७ च्या सार्वमताने रद्द झाले. ज्या काळाकडे सुखासमाधानाचा काळ म्हणून मागे वळून पाहिले जाते, त्या काळाची एक दुपार पेज निवडतात आणि तिच्यात शांतता किती आणि मौन किती, याचा हिशोब मांडतात.

'प्लेव्हना' हे पद्यचरित्र स्मृतीच्या प्रश्नाला आणखी वेगळे वळण देते. चार्ल्स रायन (१८५३-१९२६) हा मेलबर्नचा शल्यवैद्य १८७७ मध्ये ओटोमन सैन्यासोबत प्लेव्हनाच्या वेढ्यात जखमींवर उपचार करीत होता. पुढे १८८० मध्ये नेड केली या प्रसिद्ध दरोडेखोराच्या जखमांवर त्याने उपचार केले. १९१५ मध्ये तो गॅलिपोली येथे ऑस्ट्रेलियन सैन्यासोबत होता. २४ मे १९१५ रोजी मृतांच्या दफनासाठी झालेल्या तात्पुरत्या युद्धविरामात त्याच्या छातीवरील ओटोमन पदके पाहून तुर्की सैनिक चकित झाले, असे सांगितले जाते. ज्यांच्या बाजूने कधीकाळी जखमा बांधल्या, तेच आता समोरच्या खंदकात आहेत. राष्ट्रीय दंतकथेत शत्रू आणि मित्र यांच्या ज्या ठाम रेषा असतात, त्या एका माणसाच्या चरित्रात अशा पुसट होतात. हे चरित्र निवडण्यामागे पेज यांची स्मारकाविषयीची जुनीच शंका काम करते आहे. दगडावर नाव कोरता येते. एका आयुष्यातील निष्ठांची गुंतागुंत कोरता येत नाही. ते काम पद्यकथन करू पाहते.

६

आता पेज यांच्या परीक्षणात्मक लेखनाकडे वळू. वृत्तपत्रे, वाङ्मयीन नियतकालिके आणि ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय नभोवाणी या तिन्ही माध्यमांतून त्यांनी प्रदीर्घ काळ काव्यपरीक्षणे केली. 'अ रीडर्स गाइड टू कंटेम्पररी ऑस्ट्रेलियन पोएट्री' (१९९५) या ग्रंथात समकालीन कवींची वाचकाभिमुख ओळख आहे. '८० ग्रेट पोएम्स फ्रॉम चॉसर टू नाउ' (२००६) आणि '६० क्लासिक ऑस्ट्रेलियन पोएम्स' (२००९) या दोन संकलनांत प्रत्येक कवितेसोबत त्यांचे छोटे विवेचन आहे. 'द बेस्ट ऑस्ट्रेलियन पोएम्स' या वार्षिक निवडीचे २०१४ व २०१५ चे खंड त्यांनी संपादित केले. याखेरीज कॅनबेरातील 'द गॉड्स' या कॅफेत त्यांनी वर्षानुवर्षे काव्यवाचनाचे कार्यक्रम आयोजित केले. हे सारे कार्य एकाच साखळीचे दुवे आहेत. कविता लिहिणे, ऐकवणे, निवडणे, समजावून देणे आणि तिच्याविषयी निवाडा करणे, या सर्व टप्प्यांवर पेज उपस्थित आहेत.

येथे एक अडचण उभी राहते. ऑस्ट्रेलियातील काव्यक्षेत्र लहान आहे. परीक्षक ज्याच्या संग्रहाविषयी लिहितो, तो कवी उद्या त्याच्या संग्रहाविषयी लिहिणार असतो. परवा दोघे एकाच निवड समितीवर असतात. १९७० च्या दशकात तर हे क्षेत्र उघड गटांत विभागले गेले होते. अमेरिकन प्रभावाचे स्वागत करणाऱ्या, प्रयोगशील कवींची पिढी जॉन ट्रँटर यांच्या 'द न्यू ऑस्ट्रेलियन पोएट्री' (१९७९) या संकलनात २४ कवींच्या रूपाने एकत्र आली. दुसऱ्या बाजूला लेस मरी ग्रामीण व लोकाभिमुख परंपरेची कैवारी भूमिका मांडत होते. अशा परिस्थितीत परीक्षण हे गटाचे हत्यार होणे किंवा मैत्रीची परतफेड होणे, हे दोन्ही धोके संभवतात. ही स्थिती मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

कवी-परीक्षकाच्या अधिकाराचा दुसरा धोका ए. डी. होप यांच्या उदाहरणात दिसतो. होप हे श्रेष्ठ कवी होते आणि निर्दय परीक्षकही. १९५६ मध्ये त्यांनी पॅट्रिक व्हाइट यांच्या 'द ट्री ऑफ मॅन' या कादंबरीचे जे परीक्षण केले, त्यातील शेवटचा घणाघाती शब्दप्रयोग ऑस्ट्रेलियन वाङ्मयेतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. व्हाइट तो कधीच विसरले नाहीत. याच व्हाइट यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या रकमेतून त्यांनी ज्यांना पुरेशी मान्यता मिळाली नाही अशा लेखकांसाठी पुरस्कार सुरू केला. तोच पुरस्कार २००१ मध्ये पेज यांना मिळाला. एका कवी-परीक्षकाने दुखावलेल्या लेखकाच्या नावाचा सन्मान दुसऱ्या कवी-परीक्षकाला मिळावा, हा योगायोग बोलका आहे. होप यांच्या परीक्षणात निवाडा हे परीक्षकाच्या बुद्धिवैभवाचे प्रदर्शन होते. पेज यांच्या विवेचनात निवाडा वाचकाच्या उपयोगासाठी असतो. कवितेची लय कशी चालते, एखादे यमक कोठे काम करते, कवी कोणत्या प्रसंगाविषयी बोलतो आहे, हे ते आधी दाखवतात. मत त्यानंतर येते. वाचकाला त्या मताशी असहमत होण्यासाठी लागणारा पुरावा त्याच पानावर उपलब्ध असतो. '६० क्लासिक ऑस्ट्रेलियन पोएम्स' ची रचनाच अशी आहे की कविता आणि तिचे विवेचन एकत्र वाचले जावे.

संस्कृत काव्यशास्त्रात प्रसाद हा गुण सर्व रसांना साधारण मानला आहे. वाळलेल्या इंधनात अग्नी पसरावा तसा अर्थ चित्तात पसरणे, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते. पेज यांच्या लेखनात या गुणाला नैतिक अंग प्राप्त होते. ज्या समाजात मौन हीच मोठी समस्या आहे, तेथे स्पष्ट बोलणे ही केवळ शैलीची निवड राहत नाही. स्मारकाविषयीची कविता गावातील माणसाला कळली पाहिजे. ती कळली नाही तर तिचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. परीक्षणाबाबतही तेच. ज्या परीक्षणाचा पुरावा वाचकाला तपासता येत नाही, तेही एक प्रकारचे मौनच असते.

७

मात्र या भूमिकेच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा काव्यगत आहे. सुबोधतेचा आग्रह कधीकधी अनुभवाला पूर्ण होण्यापूर्वीच निष्कर्षाकडे नेतो. 'स्मॉलटाउन मेमोरियल्स' मध्ये जे उत्तर राखून ठेवले गेले, ते उत्तरकाळातील काही विचारप्रधान वा उपरोधिक रचनांत तत्परतेने दिले जाते. अशा ठिकाणी यमकाची सफाई आशयाला बंदिस्त करते आणि वाचकाला मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही. दुसरी मर्यादा परीक्षणाची आहे. जी कविता हेतुतः दुर्बोध आहे, भाषेच्या पारदर्शकतेविषयीच शंका घेते, तिला सुबोधतेच्या मापाने मोजल्यास अन्याय होऊ शकतो. आदिवासी कवींच्या लेखनाच्या बाबतीत हा मुद्दा अधिक टोकदार होतो. ज्यांच्यावर इंग्रजी लादली गेली, त्यांनी ती मोडून तोडून वापरणे हे त्यांच्या आशयाचाच भाग असू शकते. तिसरी मर्यादा प्रतिनिधित्वाची. गोऱ्या कवीने आपल्या समाजाचे मौन भंगावे, हे योग्यच. परंतु त्यामुळे बोलण्याची जागा पुन्हा त्याच समाजाने व्यापली, असेही घडू शकते. पूआरार यांच्याशी केलेले सहकार्य ही पेज यांनी या आक्षेपाला दिलेली कृतीची दाद होती. ते त्यांच्या कारकिर्दीत अपवादाच्या जागी राहिले, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या मर्यादा मान्य करूनही पेज यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकात वसाहतकालीन सीमासंघर्षांचे अधिक व्यापक चित्रण करण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. म्हणजे कोणाच्या मृत्यूला दगड मिळावा, हा वाद संपलेला नाही. पेज यांनी १९७५ मध्ये लहान गावाच्या चौकात उभे राहून या वादाचे एक टोक हाती घेतले आणि १९९६ मध्ये दुसरे. या दोन टोकांमधील काळात त्यांची कविता अधिक कठोर झाली, तरी आपल्या माणसांपासून तुटली नाही.

आपल्या दृष्टीने यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. एक, नियमित परीक्षण हे वाङ्मयीन संस्कृतीचे स्मृतिकार्य आहे. आज कोणत्या संग्रहाविषयी कोणी काय आणि कशाच्या आधारे लिहिले, यावर उद्याचा वाङ्मयेतिहास उभा राहतो. म्हणून परीक्षणलेखन अभ्यासक्रमात आणि संशोधनात गांभीर्याने घेतले गेले पाहिजे. दोन, कवीने परीक्षण करावे की नाही, या प्रश्नापेक्षा त्याने ते कोणासाठी करावे, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. वाचकासाठी केलेल्या परीक्षणात कवीची प्रतिष्ठा मागे राहते आणि कविता पुढे येते. पेज यांच्या समग्र लेखनाचा, विशेषतः त्यांच्या विखुरलेल्या परीक्षणांचा, त्यांच्या पद्यकथनांशी ताडून केलेला स्वतंत्र अभ्यास या दिशेने अधिक प्रकाश टाकू शकेल.